वांडा, स्टार्क आणि जहाजाचा कप्तान

श्रोतेहो, नमस्कार. मुंबईतल्या मुलांच्या दप्तरांवर आणि पाण्याच्या बाटल्यांवर ज्या महानायकांची चित्रे असतात, त्यांच्याविषयी आज बोलायचे आहे. पण त्यांच्या पराक्रमाविषयी नव्हे, तर त्या पराक्रमाच्या धामधुमीत जी माणसे हकनाक मेली, त्यांचा जाब कोणी द्यायचा याविषयी. ‘कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर’ या २०१६ सालच्या चित्रपटाने हा प्रश्न अव्हेंजर्स या महानायकांच्या संघापुढे उघडपणे मांडला. माझ्या मते प्रश्न योग्य होता, पण दोषाची वाटणी चुकली.

लागोस शहरातल्या गजबजलेल्या बाजारात एक हल्लेखोर स्वतःला स्फोटकांनी उडवून घेतो. संघातली वांडा आपल्या अतींद्रिय शक्तीने तो स्फोट क्षणभर कोंडून धरते आणि त्या माणसाला गर्दीपासून दूर, वर उचलते. परंतु पकड सुटते आणि शेजारच्या इमारतीचा मजला उद्ध्वस्त होतो. बाजारातली माणसे वाचतात; इमारतीतली मरतात आणि त्यांत मदतकार्यासाठी आलेले वाकांडा या काल्पनिक आफ्रिकी देशाचे नागरिकही असतात.

हा पेच आपल्या कायद्याला नवा नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ८१, जे आता भारतीय न्याय संहितेत कलम १९ म्हणून आले आहे, त्याच्या खाली एका जहाजाच्या कप्तानाचे उदाहरण दिलेले आहे. जहाज थांबवणे शक्य नाही. सरळ गेले तर वीस-तीस उतारूंची होडी चिरडणार, आणि वळवले तर दोनच उतारू असलेल्या दुसऱ्या होडीला धोका. मोठी होडी वाचवण्याच्या प्रामाणिक हेतूने त्याने जहाज वळवले आणि धोका खरोखरच तितका अटळ होता, तर तो गुन्हेगार ठरत नाही. मात्र त्या उदाहरणात एक अट आहे आणि ती फार मोलाची आहे: कप्तान या प्रसंगात स्वतःच्या चुकीने किंवा निष्काळजीपणाने सापडलेला नसावा.

या अटीवर वांडा लागोसपुरती तरी निभावून जाते. टोनी स्टार्क, म्हणजे संघातला आयर्न मॅन, निभावत नाही. २०१५ च्या ‘एज ऑफ अल्ट्रॉन’मध्ये अल्ट्रॉन नावाच्या ज्या यंत्राने सोकोव्हिया या काल्पनिक देशातले शहर मुळासकट आकाशात उचलले, ते यंत्र स्टार्कने संघातल्याच ब्रूस बॅनर या शास्त्रज्ञाला हाताशी धरून, बाकीच्या सहकाऱ्यांना अंधारात ठेवून उभे केले होते. पुढे सगळ्या संघाने जीव धोक्यात घालून हजारो लोकांना वाचवले हे खरे. पण आग विझवायला धावलेल्यांत आग लावणाराही होता. (वांडा सुरुवातीला अल्ट्रॉनच्या बाजूने होती, हे जाणकार श्रोत्यांना आठवत असेल. पण तिच्यावर रोष उसळतो तो लागोसमुळे.)

आणि संघाच्या वाट्याला काय येते? न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, सोकोव्हिया, लागोस या चारही घटना एकाच पडद्यावर, एकाच दमात दाखवल्या जातात. दोष सर्वांचा म्हटला की तो नेमका कोणाचा हे विचारण्याची गरजच उरत नाही. मग वांडाला संघाच्या आवारातच थांबवून ठेवले जाते, आणि तो बंदोबस्त करणारा असतो स्टार्क! सोकोव्हियात मुलगा गमावलेली एक आई लिफ्टपाशी त्याला गाठते, मुलाचा फोटो त्याच्या छातीवर ठेवते आणि त्याला दोषी धरते. सबंध चित्रपटात नेमक्या माणसाला नेमका जाब विचारणारी, माझ्या मते, हीच बाई.

अनेकांच्या हातात असलेली जबाबदारी कशी निसटते, हे मुंबईने १४ एप्रिल १९४४ रोजी पाहिले आहे. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या दारूगोळा आणि कापूस भरलेल्या जहाजाला दुपारी आग लागली. अग्निशमन दलाचे जवान शर्थीने पाणी मारत राहिले, पण जहाज बुडवा किंवा गोदीबाहेर ओढून न्या, असा निर्णायक हुकूम कोणत्याच अधिकाऱ्याकडून वेळेत सुटला नाही आणि चार वाजून गेल्यावर स्फोट झाला. शेकडो माणसे मेली, त्यांत ते जवानही होते. तरीही त्याच वर्षी सरकारने नुकसानभरपाईसाठी स्वतंत्र अध्यादेश काढला, म्हणजे पोळलेल्या माणसाला निदान दाद मागायला एक दार मिळाले.

चित्रपटातल्या ११७ देशांच्या करारावरून जो वाद रंगतो, तो मात्र सगळा संघावर ताबा कोणाचा या मुद्द्यावर. संयुक्त राष्ट्रांची समिती सांगेल तेव्हाच संघाने जायचे, असे स्टार्क मान्य करतो. समितीतल्या माणसांचेही हेतू असतात आणि ते बदलतात, ही स्टीव्ह रॉजर्सची, म्हणजे कॅप्टन अमेरिकाची, हरकत आहे. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण त्या आईला दोघांकडेही उत्तर नाही. मसुदा माझ्या हाती असता, तर पहिल्या कलमात मी प्रत्येक घटनेची स्वतंत्र चौकशी घातली असती, म्हणजे निर्णय कोणी घेतला आणि धोका मुळात कोणामुळे उभा राहिला हे नावानिशी नोंदले गेले असते. दुसऱ्या कलमात, कोणाचाही दोष सिद्ध होण्याची वाट न पाहता मृतांच्या कुटुंबीयांना भरपाई. स्टीव्हने अशा मसुद्यावर सही केली असती असे मला वाटते. स्टार्कने दुसऱ्या कलमासाठी धनादेश तत्काळ फाडला असता आणि पहिले कलम गाळून घेण्यासाठी वकील लावले असते.