रानात नेलं की कुत्र्याला जुलाब, घरी बांधलं की बरं... असं का होतं?

नमस्कार मंडळी. आज मेंढपाळ भावांचा नेहमीचा प्रश्न घेऊ. डॉक्टर, कुत्रं दिवसभर मेंढरांमागं पळतं, रात्री वाड्याची राखण करतं, खातंय पण चांगलं, तरी पातळ हगतं. दोन दिवस बांधून ठेवलं की आपोआप बरं होतं. मग आम्ही खाणं बदलतो, परत रानात नेलं की परत तेच.

आता गंमत बघा, सगळे जण खाणं बदलतात, वेळ कुणीच बदलत नाही. आणि माझ्या मते निम्मा घोळ वेळेतच असतो.

काय होतं, कुत्रं जोरात पळायला लागलं की रक्त स्नायूंकडं जातं, जिभेकडं जातं, कारण धापा टाकून अंग थंड करायचं असतं, आणि आतड्याच्या वाट्याला कमी रक्त येतं. त्यात अंग तापतं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38 ते 39 डिग्री सेल्सिअस, उन्हात सलग पळालं तर 41 च्या वर सुद्धा जातं. अशा वेळी पोटात सकाळची चुरलेली भाकरी आणि तांब्याभर दूध तसंच पडलेलं असेल तर ते पचणार कसं? खाली नाहीतर वर, कुठून तरी बाहेर येणारच.

अलास्कात इडिटारॉड नावाची स्लेज कुत्र्यांची शर्यत असते, अँकरेज ते नोम, बर्फातून साधारण 1,600 किलोमीटर. तिथली कुत्री दिवसाला 10,000 कॅलरीच्या आसपास खातात, आपण चार-पाच माणसं मिळून खातो तेवढं. शर्यतीनंतर या कुत्र्यांच्या जठरात दुर्बीण घालून बघितलं तर जवळपास निम्म्यांच्या जठराला आतून जखमा सापडल्या, आणि बरीचशी बाहेरून ठणठणीत दिसत होती! आपलं कुत्रं एवढं पळत नाही, कबूल. पण कष्टानं पोटाला इजा होते हे तिथं डोळ्यांनी दिसलं.

म्हणून कुत्रं लंगडतंय म्हणून मेडिकलमधून माणसाची दुखण्यावरची गोळी, डायक्लोफेनॅक नाहीतर आयबुप्रोफेन, आणून भाकरीत घालू नका हो. कुत्र्याला त्यानं जठरात अल्सर होतो, शी डांबरासारखी काळी येते, आणि लोक म्हणतात उष्णता झाली. डायक्लोफेनॅक तर जनावरांसाठी 2006 पासून बंद आहे, ते त्यानं गिधाडं मरत होती म्हणून, पण कुत्र्याचाही त्यात फायदाच आहे.

तर वेळ. मुख्य जेवण संध्याकाळी, काम संपल्यावर, दम पूर्ण खाली बसल्यावर, तासाभरानं. न्यूझीलंडमधले मेंढीवाले कामाच्या कुत्र्यांना बहुतेक एकदाच, संध्याकाळीच घालतात. सकाळी निघताना द्यायचंच असेल तर चार घास. पाणी मात्र दिवसभर थोडं थोडं पाजत राहा, दुपारी एकदम बादली पुढं ठेवली की ढसाढसा पिऊन ओकतं.

आता भाकरी. मोबाईलवर हल्ली सांगतात, कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला धान्य विषासारखं. अहो, 2013 साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी जनुकं तपासली, स्टार्च पचवायच्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती आणि कुत्र्यात कितीतरी जास्त, काहींत तर तीसपर्यंत. हजारो वर्षं माणसाचं उष्टं खाऊन झालेला बदल आहे तो. भाजलेली भाकरी पचते.

पण नुसत्या भाकरीवर कष्टाचं काम निघत नाही. 25 किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायला पावणेआठशे-आठशे कॅलरी लागतात, रानात पळणाऱ्याला त्याच्या दुप्पट-तिप्पट. एवढं सगळं बाजरीतून भरायचं म्हटलं तर सहा-सात मोठ्या भाकरी होतात, पोट टम्म, शी ढीगभर आणि मऊ. त्यापेक्षा भाकरी कमी करा आणि उकडलेली अंडी, थोडं मटण-चिकन, चमचा-दोन चमचे तेल किंवा चरबी घाला. चरबीत वजनाला दुपटीहून जास्त ताकद असते. फक्त हळूहळू वाढवा, आठ-दहा दिवस लावा, एकदम वाटीभर चरबी ओतली तर जुलाब तर लागतीलच, वर स्वादुपिंडाला सूज येऊन कुत्र्याच्या जिवावर बेतेल.

दुधाचं म्हणाल तर मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना ते पचत नाही, ताक त्या मानानं चालतं. आणि कांदा-लसूण मसाल्याचा उरलेला रस्सा भाकरीवर ओतणं बंद करा, कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात.

आता महत्त्वाचं. मेंढरू मेलं किंवा कापलं की फुफ्फुस, काळीज (म्हणजे लिव्हर) कच्चंच कुत्र्यापुढं टाकायची सवय आहे आपल्याकडं. त्या काळजात पाण्यानं भरलेल्या गाठी कधी बघितल्यात? त्या कुत्र्यानं खाल्ल्या की त्याच्या आतड्यात काही मिलिमीटरचे बारके पट्टकृमी तयार होतात. कुत्र्याला शक्यतो काहीच होत नाही, जुलाबसुद्धा नाही, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. पण त्या कृमींची अंडी कुत्र्याच्या शीतून गवतावर, पाण्यात, त्याच्याच केसांवर, तिथून मेंढरात आणि आपल्या पोरांच्या हातातून तोंडात. मग माणसाच्या काळजात, फुफ्फुसात तशाच गाठी वर्षानुवर्षं वाढत राहतात आणि एक दिवस ऑपरेशन. हायडॅटिड म्हणतात याला. न्यूझीलंडनं कच्चं काळीज घालणं बंद केलं, सहा आठवड्यांनी एकदा कुत्र्यांना जंताचं औषध देत राहिले, आणि 2002 साली देश तात्पुरता रोगमुक्त जाहीर केला. कृमी मारायला काळीज गोठवावं म्हटलं तर आपल्या वाड्यावर फ्रीझर कुठला? पण चूल आहे ना. अर्धा तास खळखळून उकळा, नाहीतर कुत्र्याला उकरता येणार नाही एवढं खोल पुरा. पट्टकृमीवर प्राझिक्वांटेल लागतं, साध्या जंताच्या गोळीत ते असतंच असं नाही, तेव्हा वजन सांगून डॉक्टरांकडून घ्या आणि नंतरचे दोन-तीन दिवस शी गोळा करून पुरा.

जुलाब लागलेच तर आधी शी बघा. थोडी थोडी, सारखी, शेंबडासारखी, एखादी लाल रेघ, पण कुत्रं खेळतंय, तर ते बहुतेक दगदगीचं, मोठ्या आतड्याचं. मोठ्या कुत्र्याला एक वेळ उपाशी ठेवा, मग मऊ भात आणि बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन, दोन दिवस काम बंद. पाण्यासारखी भरपूर होतेय, वजन उतरतंय किंवा काळी आहे, तर घरी प्रयोग नकोत. आणि पिल्लू असेल, ओकतंय, शी रक्ताळ आणि घाण वासाची, तर पार्व्हो, म्हणजे पिल्लांचा जीवघेणा विषाणूचा आजार, समजूनच डॉक्टरकडं पळा. पिल्लाला उपाशी ठेवायचं नाही हां, ते लगेच खचतं.

शेवटचं, कारवान, जर्मन शेफर्ड असली खोल छातीची कुत्री ज्यांच्याकडं आहेत त्यांच्यासाठी. भरपेट खाल्लंय, पोट ढोलासारखं फुगलंय, ओकायला बघतंय पण काहीच पडत नाही, लाळ गळतेय, बसवत नाही. जठराला पीळ पडलेला असू शकतो. अमेरिकेच्या लष्करात याच भीतीनं कुत्र्यांचं जठर आधीच पोटाच्या भिंतीला टाके घालून बांधून टाकतात. इथं तासांचा प्रश्न असतो, सोडा पाजत बसू नका, पोट चोळत बसू नका. गाडीत घाला, निघा, आणि डॉक्टरला फोन वाटेतनं करा, म्हणजे तो तयारीत राहील.