सेन्सर ६० म्हणतोय, ठिबक चालू करू का?

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली निम्म्या कमेंट एकाच प्रश्नाच्या आहेत: "दादा, सेन्सर ६० टक्के दाखवतोय, ठिबक सोडू का?" कसला सेन्सर, कुठली माती, काही नाही. नुसते ६०.

सुरुवात पवईची पटकन उरकतो. आयआयटी मुंबईत २००६ मध्ये मंजूर झालेलं नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचं केंद्र आहे; बंगळुरूच्या आयआयएससीबरोबर, केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या पैशातून उभं राहिलेलं. त्याच आयआयटीत वाढलेल्या एका स्टार्टअपने 'सॉईलसेन्स' काढलं. मातीतला ओलावा, मातीचं तापमान, हवेतली आर्द्रता आणि हवेचं तापमान मोजायचं, आणि पाणी कधी द्यायचं ते मोबाइलवर सांगायचं. २०१९ च्या ग्लोबल बायो-इंडिया या जैवतंत्रज्ञान संमेलनात ते बाजारात आणलं. एकाने विचारलंय, "ऑनलाइन दोनशेत मिळतो, मग आयआयटीवाले एवढी वर्षं करतात काय?" बरोबर, त्याच्यासाठीच आज बसलोय.

ऐका. सेन्सर पाणी मोजत नाही. मातीत वीज किती साठते ते मोजतो, त्याला म्हणतात परावैद्युतांक. पाण्याचा साधारण ८०, कोरड्या मातीचा ३ ते ५, हवेचा १. फरक एवढा मोठा म्हणून त्यावरून पाण्याचा अंदाज बांधता येतो. पण तो अंदाज. स्वस्त सेन्सरच्या कोडमध्ये दोनच आकडे भरलेले असतात: हवेत धरला तेव्हाचा आणि पेल्यातल्या पाण्यात बुडवला तेव्हाचा. पहिला शून्य, दुसरा शंभर. म्हणजे तुमचे ६० हे हवा आणि पेला यांच्या मधले ६० आहेत. मातीचे नाहीत!

हे मी मामाच्या द्राक्षबागेत शिकलो. काळी माती, उन्हाने भेगाळलेली. माझा सेन्सर नेमका भेगेत उतरला, पात्याला माती कमी आणि हवाच जास्त चिकटलेली. आकडा १४. मी शहाणपणाने ठिबक दोन तास जास्त सोडलं. मामा आला, वितभर खाली उकरून मूठभर माती काढली, दाबली. लाडू झाला. बोटाने टोचला तरी फुटेना. म्हणाला, "भाच्या, वाफसासुद्धा नाही आलेला अजून, आणि तू पाणी पाजतोयस?" वाफसा म्हणजे जास्तीचं पाणी निचरून माती मोकळी होणं.

आणि समजा आकडा खरा आहे, तरी काय? काळ्या मातीत २० टक्क्यांवर पीक माना टाकू शकतं, कारण ती चिकण माती पाणी धरून बसते, मुळांना सोडत नाही. रेताड मातीत तेच २० म्हणजे चंगळ. आकडा एक, रानं दोन. म्हणून स्वतःच्या मातीवर कॅलिब्रेशन करा, म्हणजे सेन्सरचा आकडा मातीतल्या खऱ्या पाण्याशी ताडून घ्या. हो, पुन्हा म्हणतोय, आणि पुढच्या व्हिडिओतही म्हणणार.

कसं करायचं? शंभर घनसेंटीमीटर मापाचा पाइपचा तुकडा घ्या. सेन्सरचा आकडा लिहा, तुकडा त्याच्या शेजारी मातीत रोवून आतली माती न दाबता, जशीच्या तशी काढा, वजन करा. १०५ अंशांवर चोवीस तास वाळवा, पुन्हा वजन. ३० ग्रॅम घटलं म्हणजे ३० टक्के पाणी. ओली, मध्यम, सुकत आलेली, अशा चार-पाच वेळा करा आणि कागदावर एका बाजूला सेन्सरचा आकडा, दुसऱ्या बाजूला पाण्याचे टक्के मांडून रेघ ओढा. ती रेघ तुमच्या रानाची. शेजाऱ्याला देऊ नका. खारवट जमीन असेल तर जास्तच जपून, क्षारांनी आकडा फुगतो.

ज्यांनी "दादा, तुम्ही फार ताणता" लिहिलंय त्यांना: ताणतोच. कारण त्याच्याच खाली पुन्हा "४५ दाखवतोय, काय करू?" आलंय.

आणि एका ताईंचा प्रश्न, घरच्या केकच्या ओव्हनमध्ये माती वाळवली तर चालेल का. मी वाळवली होती. माती छान वाळली. आईने तो ओव्हन आता माझ्याच खोलीत ठेवलाय.