पत्रा आधी, इंजिन नंतर

मंडळी, नमस्कार.

मसल कारचं, म्हणजे साध्या गाडीत दांडगं इंजिन बसवलेल्या जुन्या अमेरिकन गाडीचं, नाव काढलं की लोकांच्या कानात आधी इंजिन घुमायला लागतं. जुनी गाडी बघायला गेलेला माणूसही पहिला प्रश्न विचारतो तो हाच: इंजिन कोणतं आहे? माझं आज तुम्हाला सांगणं असं की हा प्रश्न दुसरा विचारा. पहिला प्रश्न पत्र्याचा. घरच्या गॅरेजमध्ये साठ वर्षांपूर्वीची अमेरिकन गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची असेल, तर ते काम पुरं होणार की अर्ध्यात ताडपत्रीखाली जाणार, हे पत्रा ठरवतो. इंजिन दोघांना कप्पीनं उचलून बाहेर काढता येतं, मशीन शॉपला नेता येतं, अगदीच गेलं तर दुसरं मिळतं. गंजलेल्या सांगाड्याला मात्र गाडीखाली उताणं झोपूनच भिडावं लागतं.

थोडा इतिहास सांगते, कारण या गाड्या घरी दुरुस्त का होतात याचं उत्तर त्यात आहे. १९६४ साली जनरल मोटर्सच्या पॉन्टिॲक विभागानं जीटीओ नावाची गाडी काढली. जनरल मोटर्समध्ये तेव्हा दंडक होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठं इंजिन बसवायचं नाही. पॉन्टिॲकचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या गाडीचं ३८९ घनइंचांचं, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं इंजिन मधल्या आकाराच्या गाडीत बसवलं आणि कागदोपत्री ते जादा पैसे देऊन घ्यायचं पॅकेज म्हणून दाखवलं. दंडक गाडीला होता, पॅकेजला नव्हता. पहिल्याच वर्षी बत्तीस हजारांवर गाड्या खपल्या आणि बाकीच्या कंपन्या मागे धावल्या. १९६८ ची प्लिमथ रोड रनर बघा: ३८३ घनइंचांचं, ३३५ हॉर्सपॉवरचं इंजिन, आणि आत पुढे सलग बाकासारखं सीट, पायाखाली गालिच्याऐवजी रबरी मॅट. किंमत तीन हजार डॉलरच्या आत. कारखान्यात पाळी करणाऱ्या पोराला परवडावी म्हणून काढलेली गाडी होती ती.

(जाता जाता, आपल्यातल्या ज्येष्ठांना प्लिमथ आणि डॉज ही नावं इथे अमेरिकेत येण्याआधीपासून माहीत असतील. वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून या गाड्या जुळवल्या जात.)

तर मुद्दा असा की इंजिन बाजूला ठेवलं तर या गाड्यांत राजेशाही असं काही नव्हतं. ॲक्सल, ब्रेक, दारांच्या कड्या, काचा वरखाली करायची यंत्रणा, सगळं त्याच कंपनीच्या रोजच्या घरगुती गाडीतून उचललेलं. त्या लाखांनी बनल्या. अर्ध्या इंचाच्या आणि नऊ-सोळांश इंचाच्या पान्यांनी जुळवल्या गेल्या आणि आजही त्याच पान्यांनी सुटतात. कुठेही कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. अमेरिकेचा १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा, तरुण चालकांना परवडेनासे झालेले विम्याचे हप्ते आणि १९७३ ची तेलबंदी यांनी मिळून हा काळ संपवला. पण तोवर इतक्या गाड्या रस्त्यावर आल्या होत्या की त्यांचे सुटे भाग बनवणं हा आज वेगळा धंदा आहे. फोर्डचं त्या काळचं शॉप मॅन्युअल, म्हणजे दुरुस्तीचं पुस्तक, पुन्हा छापलेलं मिळतं. १९६७ च्या मस्टँगचा अख्खा सांगाडा नवा कोरा विकत मिळतो.

माझ्याकडे आहे ती १९६७ ची मस्टँगच, २८९ घनइंचांचं इंजिन असलेली. काटेकोर मंडळी तिला मसल कार म्हणत नाहीत, पोनी कार, म्हणजे लहान आणि चपळ दिसणारी गाडी, म्हणतात. त्यांचं बरोबर आहे. पण त्याच वर्षी फोर्डनं मस्टँग रुंद केली ती ३९० घनइंचांचं मोठं इंजिन मावावं म्हणून, आणि गंजाच्या बाबतीत लहान इंजिनवाली आणि मोठ्या इंजिनवाली यांत काही फरक नाही. त्या एका वर्षात चार लाख बहात्तर हजारांवर मस्टँग बनल्या. माझी बनली ती आपल्या इथल्याच, मिशिगनमधल्या डिअरबॉर्नच्या कारखान्यात.

हे कळतं चासी नंबरावरून, आणि तो वाचायला शिकणं ही या छंदातली पहिली इयत्ता. मस्टँगच्या नंबरात पहिला आकडा वर्षाचा. मग कारखान्याचं अक्षर: एफ म्हणजे डिअरबॉर्न, आर म्हणजे सॅन होजे, टी म्हणजे न्यू जर्सीतलं मेटाचेन. पुढचे दोन आकडे बॉडीचे, ०१ हार्डटॉप (पक्क्या छपराची), ०२ फास्टबॅक (छप्पर मागे सलग उतरत जाणारी), ०३ कन्व्हर्टिबल (छप्पर उघडणारी). त्यानंतरचं अक्षर इंजिनाचं. १९६७ आणि पुढच्या फोर्ड गाड्यांची कारखान्यातली नोंद 'मार्टी रिपोर्ट' म्हणून विकत मिळते, त्यात मूळ रंग, गाडीवर घेतलेले पर्याय, कोणत्या डीलरकडे गेली, सगळं येतं. पैसे मोजण्याआधी तो मागवाच. शेव्हरोलेवाल्यांचं इतकं सोपं नाही. त्यांच्या १९६९ च्या कॅमेरो गाडीच्या नंबरावरून आत सहा सिलिंडर होते की आठ एवढंच कळतं. ती एसएस, म्हणजे जास्त ताकदीची महाग आवृत्ती, होती का, हे त्यात नसतं. त्यामुळे साध्या कॅमेरोवर एसएसची चिन्हं लावून दुप्पट भाव सांगणारे भेटतात, आणि त्यांना पुराव्याचे कागद मागायला आपण संकोच करता कामा नये.

आता पत्रा. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं, त्यामुळे आपल्याकडच्या गाड्या खालून जातात हे सगळ्यांना माहीत आहे. मस्टँग वरूनही जाते, आणि ते बाहेरून दिसत नाही. पुढच्या काचेच्या खाली, वायपरपाशी, जाळीच्या फटी असतात. त्या जागेला काउल म्हणतात. पावसाचं पाणी त्या फटींतून आतल्या एका पत्र्याच्या पोकळीत पडतं आणि दोन्ही बाजूंनी खाली निघून जातं. त्याच पोकळीत केबिनमध्ये हवा घेण्यासाठी दोन भोकं आहेत आणि पाणी आत जाऊ नये म्हणून त्यांना पत्र्याची उभी कड आहे. साठ वर्षांत झाडाची पानं त्या पोकळीत साचतात, कुजतात, ओल धरतात आणि ती कड मुळापासून खाल्ली जाते. मग पाणी सरळ पायाशी. गालिच्याखालचं नमद्यासारखं अस्तर ते पिऊन बसतं आणि फरशीचा, म्हणजे गाडीच्या तळाचा, पत्रा आतून सडतो. वरून रंग मात्र चकचकीत.

तपासायचं कसं? पाण्याचा तांब्या घ्या, विकणाऱ्याची परवानगी घ्या, काउलमध्ये हळूहळू ओता. दुसऱ्या माणसानं डॅशबोर्डखाली टॉर्च धरून बसायचं. थेंब दिसला की समजायचं की पुढचे फेंडर (चाकांवरचे पत्रे), बॉनेट आणि काच काढून काउलचा वरचा पत्रा सोडवावा लागणार. तो बोल्टनं बसवलेला नाही. स्पॉट वेल्डच्या टिकल्यांनी जोडलेला आहे, आणि एकेक टिकली शोधून, पंच मारून, खास कटरनं फक्त वरचा थर कापत जायचं असतं. खालचा पत्रा शाबूत राहिला पाहिजे. घाईचा इथे काही उपयोग नाही. मला स्वतःला या सगळ्या छंदातलं हे काम सर्वांत आवडतं. टिकली सुटताना छिन्नीखाली जो 'टक्' होतो, तो हाताला कळतो.

लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी, भरून झाकलेला पत्रा ओळखायला साधं लोहचुंबक न्या, पातळ कापडात गुंडाळून, म्हणजे रंगाला ओरखडा जाणार नाही. मागच्या चाकांवरची कमान, दारांचा खालचा काठ, डिकीचे कोपरे. चुंबक धरत नसेल तिथे पत्रा नाही किंवा पत्र्यावर बोटभर जाड पुटी आहे.

एक गोष्ट मी प्रत्येकाला बजावून सांगते. मस्टँगला वेगळी चासी नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा. त्यामुळे फरशी कापण्याआधी दारांच्या चौकटीत लोखंडी चौकोनी नळीचे आडवे-तिरपे टेकू वेल्ड करा आणि गाडी समपातळीत टेकवा. दारं नीट लागतात ना, फटी सारख्या आहेत ना, हे मोजून लिहून ठेवा. टेकू न देता फरशी कापली की गाडी मधून बसते, आणि मग नवी फरशी त्या वाकड्या मापात कायमची जोडली जाते.

वेल्डिंगसाठी मिग मशीन (तार आपोआप पुढे सरकवणारं), ०.०२३ इंची तार, आणि ७५ टक्के आरगॉन व २५ टक्के कार्बन डायऑक्साइडचा गॅस. पत्रा मिलिमीटरच्या आसपासच आहे, सलग ओढायला गेलात तर भोक पडेल किंवा पत्रा लाटा घेईल. म्हणून टाका इथे, पुढचा टाका वीतभर लांब, मग निवू द्यायचं, मग मधली जागा. रेती मारून गंज काढणाऱ्यांनाही हेच सांगा की सपाट, मोठ्या पत्र्यावर जोरात रेती नको. बॉनेट आणि छप्पर त्यानं वाकतं आणि परत सरळ होणं कठीण.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे. प्रायमर, घासकाम, ब्लॉक सँडिंग (ठोकळ्यावर पॉलिश पेपर लावून सपाट घासणं) घरी करा, हवं तितका वेळ लावून करा. शेवटचा रंग घरी मारू नका. आजच्या युरेथेन रंगांत आयसोसायनेट असतं, त्यानं दमा जडू शकतो, आणि त्याच्या फवाऱ्यात बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. पोरं वर झोपलेली असतात त्या घराच्या गॅरेजमध्ये ते नको. तसंच जुन्या ब्रेक शूंचं. त्यांत ॲस्बेस्टस असू शकतं. ड्रम उघडल्यावर हवेच्या नळीनं धूळ उडवायची नाही, ओलं करून पुसायचं.

इंजिनाचं मी थोडक्यात सांगते, कारण मोठं काम मशीन शॉप करतं: ब्लॉक धुणं, तडे तपासणं, बोअर करणं (सिलिंडर आतून घासून मोठे करणं), एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडक सीट, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो ती कडी, बसवणं. या सीट हव्यातच. त्या काळच्या पेट्रोलमधलं शिसं व्हॉल्व्ह सीटला सांभाळत असे, आणि रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाचं पेट्रोल अमेरिकेत १९९६ पासून पूर्ण बंद आहे. जुळणी मात्र घरी करा. क्रँकशाफ्टच्या बेअरिंगमध्ये किती मोकळीक आहे हे मोजायला प्लॅस्टिगेज नावाचा मेणासारखा बारीक धागा मिळतो. क्रँकच्या कोरड्या जर्नलवर (बेअरिंगमध्ये बसणाऱ्या गोल भागावर) त्याचा तुकडा आडवा ठेवायचा, कॅप बसवून टॉर्क पान्यानं, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानं, ६० ते ७० फूट-पाउंडांपर्यंत आवळायची, क्रँक अजिबात फिरवायचा नाही, आणि कॅप पुन्हा सोडायची. धागा दबून पट्टी झालेली असते. पाकिटावर छापलेल्या मापाशी तिची रुंदी जुळवली की मोकळीक कळते. हवी असते ती इंचाच्या एक-दोन हजारांश भागाइतकी. एवढ्याशा फटीत तेलाचा पातळ थर राहतो आणि आठही पिस्टनांचा जोर त्या थरावर तोलला जातो. हे पहिल्यांदा नीट समजलं तेव्हा इंजिनिअरिंगच्या पुस्तकातलं स्नेहनाचं अख्खं प्रकरण माझ्यासमोर उघडलं.

इंजिन पहिल्यांदा चालू करण्याआधी डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) काढून त्या भोकातून पाव इंची षटकोनी दांडा खाली तेलाच्या पंपापर्यंत घाला आणि ड्रिलनं फिरवा. या फोर्डला ड्रिल उलट्या दिशेनं. तेलाच्या दाबाचा काटा वर चढतो आणि वर व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरपाशी तेल पाझरायला लागतं. त्यानंतरच डिस्ट्रिब्युटर परत बसवून स्टार्टर. नवा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) असेल तर पहिली वीस-तीस मिनिटं दोन हजार आरपीएमच्या वर ठेवायचं, आणि तेल जस्त-फॉस्फरसवालं. आजच्या साध्या तेलात ते कमी केलेलं असतं.

आता, मूळ किती राखायचं आणि बदलायचं किती? मी रंग, बैठका, डॅशबोर्ड, इंजिन मूळचं ठेवते. थांबण्याच्या आणि वाचण्याच्या गोष्टी बदलते. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, खांद्यावरून येणारे पट्टे, इथेनॉलमिश्रित पेट्रोल सहन करणाऱ्या इंधनाच्या नळ्या. आणि ज्या गाडीचा कारखान्यातला रंग अजून बऱ्यापैकी टिकून आहे, तिला घासू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. फोर्डच्या जुळणीच्या रांगेवरचा रंग कुठे पातळ होता, कुठे ओघळला होता, हे फक्त अशा गाड्यांवरच वाचता येतं. आरशासारखी चमक त्यांना तिथे कधीच नव्हती.

सुरुवात कुठून करावी असं मघाशी चहाच्या वेळी काहींनी विचारलं. सहा सिलिंडरची, हार्डटॉप, कॅलिफोर्निया किंवा ॲरिझोनाची कोरडी गाडी शोधा. फास्टबॅकपेक्षा ती बरीच स्वस्त पडते, पत्रा चांगला असतो, आणि शिकायचं सगळं तीत आहे. काढलेला प्रत्येक बोल्ट पिशवीत घालून त्यावर नाव लिहा, काढण्याआधी फोटो घ्या.

माझ्या गाडीचा काउल सध्या उघडा आहे, येत्या शनिवारी नवा वरचा पत्रा बसवायचाय. ज्यांना टाका मारून बघायचाय त्यांनी सकाळी यावं. हेल्मेट आणि हातमोजे आहेत. तुम्ही बंद चामड्याचे बूट आणि जाड सुती कपडे घालून या, नायलॉनचं काही नको, ठिणगीनं चिकटतं. मुलांनाही आणा, टिकल्या शोधायला त्यांचे डोळे आपल्यापेक्षा तेज असतात.