भावकी एक, आडनावं तीन

मंडळी, आजचा विषय गाड्यांच्या प्लॅटफॉर्मचा, म्हणजे ज्या सांगाड्यावर गाडी उभी राहते त्याचा. पण सुरुवात इंजिनापासून करतो, कारण ते आपल्या जिल्ह्यातलं आहे. रांजणगावला महागणपतीच्या दर्शनाला आपण सगळेच जातो. तिथल्याच एमआयडीसीत फियाट आणि टाटा यांच्या भागीदारीतल्या कारखान्यात 1.3 मल्टिजेट हे इंजिन बनायचं. चार सिलिंडर, 1248 सीसी, डिझेल. स्विफ्ट डिझेल कुणाकुणाकडे होती? बघा, अर्धी सभा! तेच इंजिन फियाटच्या पुंतो-लिनियात मल्टिजेट, टाटाच्या व्हिस्टा-मान्झात क्वाड्राजेट आणि मारुतीच्या स्विफ्ट-डिझायरमध्ये डीडीआयएस. मारुतीसाठी ते मानेसरलाही बनायचं. भावकी एक, आडनावं तीन.

मग या गाड्या चालवताना वेगळ्या का वाटायच्या? टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा, ईसीयू म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं ट्यूनिंग, गिअरचं गुणोत्तर आणि गाडीचं वजन. साध्या टर्बोवर 75 पीएस ताकद, व्हेरिएबल जॉमेट्री टर्बोवर, म्हणजे ज्याच्या पात्यांचा कोन बदलतो त्यावर, 90. त्यामुळे इंजिन एक म्हणून टर्बो आणि ईसीयू सरसकट अदलाबदल करता येत नाहीत, हे मिस्त्री लोकांनी लक्षात ठेवावं.

पण जे खरोखर एकच आहे, ते तरी ग्राहकाला सांगाल की नाही? आमच्या ओळखीच्या एका काकांची याच इंजिनाची गाडी ऑइल फिल्टरसाठी अडली. शोरूमने, नाव घेत नाही, सांगितलं की पार्ट मागवावा लागेल, थांबा. मी जुनं फिल्टर घेऊन नाना पेठेत गेलो. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीच्या खोक्यातलं फिल्टर काढून शेजारी ठेवलं. कागदाच्या घड्यांची उंची तीच, मधलं भोक तेच, रबरी रिंग तीच. वेगळं होतं ते फक्त खोकं. काका बिचारे तोवर रिक्षाने कामावर जात होते. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू देत नाहीत म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने 2014 मध्ये 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटींचा दंड ठोठावला होता. म्हणजे हे दुखणं एकट्या काकांचं नव्हे. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 हा धुराचा कडक नियम आला, आपल्याकडे हे इंजिन थांबलं, गाड्या मात्र अजून धावताहेत. कुठला पार्ट कुणाकुणाला चालतो, याची यादी कंपन्यांनी जाहीर करायलाच हवी.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तर प्लॅटफॉर्म. इंजिन उसनं घेतलं म्हणजे प्लॅटफॉर्म एक झाला असं नाही. स्विफ्ट आणि व्हिस्टाचा सांगाडा पूर्ण वेगळा. खरी सख्खी भावंडं चाकणला बनतात: स्कोडाची कुशाक आणि फोक्सवॅगनची टायगुन, दोन्ही 2021 च्या, एमक्यूबी-ए0-इन प्लॅटफॉर्मवर. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, दोघींचा 2651 मिमी, एक लिटर आणि दीड लिटरची टीएसआय ही टर्बो पेट्रोल इंजिनं तीच, सस्पेन्शन पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे ट्विस्ट बीम. बंपर, दिवे, ग्रिल वेगळे. एमक्यूबी या प्लॅटफॉर्मच्या घराण्यात पेडलपासून पुढच्या अ‍ॅक्सलपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं, कारण तिथलंच इंजिनिअरिंग सगळ्यात खर्चिक. त्यामागचा भाग बदलता येतो; 2022 मध्ये त्याच पायावर, तोच व्हीलबेस ठेवून, स्लाव्हिया आणि व्हर्टस या लांब सेदान उभ्या राहिल्या.

सस्पेन्शनचे बुश आणि लोअर आर्म घेऊन आलोय, ते टेबलावर ठेवतो. हातात घेऊन त्यांच्यावरचे पार्ट नंबर बघा.