पेढीवरचा वनस्पतिशास्त्रज्ञ : विल्हेल्म हॉफमाइस्टर

श्रोतेहो, नमस्कार.

1863 साली जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाने वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि वनस्पती उद्यानाचे संचालक म्हणून ज्या गृहस्थांची नेमणूक केली, त्यांनी स्वतः कोणत्याही विद्यापीठात शिक्षण घेतलेले नव्हते. पंधराव्या वर्षी त्यांची शाळा सुटली होती आणि त्यानंतरची वीसेक वर्षे त्यांनी लाइपझिगमध्ये वडिलांच्या संगीत-प्रकाशनाच्या पेढीवर काढली होती. बुन्सेन, किर्खहोफ आणि हेल्महोल्ट्झ हे त्या काळी हायडेलबर्गमध्ये शिकवत होते. अशा मंडळींच्या पंगतीत या पेढीवाल्याला मानाने बसवले गेले, ते कोणाच्या वशिल्याने नव्हे. त्याआधी बारा वर्षांपूर्वी त्यांनी लिहिलेल्या एका ग्रंथाने वनस्पतिसृष्टीकडे पाहण्याची रीतच बदलून टाकली होती. विल्हेल्म हॉफमाइस्टर हे त्यांचे नाव.

त्यांचा जन्म 18 मे 1824 रोजी लाइपझिग येथे झाला. वडील फ्रीडरिख हॉफमाइस्टर हे स्वरलिपीची पुस्तके छापणारे प्रतिष्ठित व्यावसायिक होते, पण त्यांना वनस्पतींचा मनस्वी नाद होता आणि रायखेनबाख या वनस्पतिशास्त्रज्ञांचे सचित्र ग्रंथ त्यांनीच प्रसिद्ध केले होते. म्हणजे घरात पुस्तके होती, छापखान्याशी संबंध होता आणि जाणकारांचा राबताही होता. हॉफमाइस्टर यांचा उल्लेख ‘स्वयंशिक्षित’ असा केला जातो तेव्हा ही गोष्ट सहसा निसटते. पदवी नसली, तरी वातावरण होते. शाळा संपल्यावर दोन वर्षे हॅम्बुर्गला एका संगीतविक्रेत्याकडे उमेदवारी करून ते 1841 मध्ये परतले आणि वडिलांच्या व्यवसायात कामाला लागले. दिवस हिशेबात आणि पत्रव्यवहारात जाई. अभ्यासासाठी उरे ती पहाट, आणि ते पहाटे चार ते सहा या वेळात सूक्ष्मदर्शकाशी बसत. त्यांची दृष्टी अतिशय अधू होती, लांबचे जवळजवळ दिसतच नसे. परंतु डोळ्यांपासून चार बोटांवर धरलेली वस्तू त्यांना विलक्षण स्पष्ट दिसे, आणि सुईच्या टोकाने बीजक, म्हणजे पुढे ज्याचे बी होते तो भाग, उकलून त्यातला नेमका हवा तो भाग वेगळा करण्याच्या कामी हीच उणीव उपयोगी पडली.

त्या काळी जर्मन वनस्पतिशास्त्रात माथियास श्लायडेन यांचा दबदबा होता. वनस्पतीचे शरीर पेशींचे बनलेले असते, हा सिद्धान्त मांडणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे, आणि निरीक्षणावर भर देणारा त्यांचा पाठ्यग्रंथ वाचूनच तरुण हॉफमाइस्टर यांना दिशा मिळाली. मात्र याच श्लायडेन यांनी एक चुकीचे मतही हिरिरीने मांडले होते. परागकणातून निघालेली नलिका बीजकात शिरते आणि तिचे टोकच फुगून गर्भ बनते, बीजक केवळ त्याला पोसणारी जागा पुरवते, असे ते म्हणत. हे खरे धरले तर पराग हा नर राहतच नाही, आणि वनस्पतींतील लैंगिक प्रजननाची सगळी कल्पनाच उलटी होते. हॉफमाइस्टर यांनी वादात शिरण्याआधी पाहणी केली. 1847 साली ईनोथेरा कुळातील फुलांवर त्यांचा पहिला निबंध आला आणि 1849 मध्ये पुस्तक आले. त्यात एकोणीस प्रजातींतल्या अडतीस जातींची बीजके त्यांनी टप्प्याटप्प्याने तपासली होती. परागनलिका पोहोचण्यापूर्वीच अंड्याची पेशी बीजकात तयार असते, गर्भ त्या पेशीपासूनच वाढतो आणि नलिकेचे टोक त्यात रूपांतरित होत नाही, हे त्यांनी एकेका पेशीची आकृती काढून दाखवले.

तरीही वाद लगेच मिटला नाही. 1850 साली श्लायडेन यांचे अनुयायी शाख्ट यांच्या उलट मताच्या प्रबंधाला ॲमस्टरडॅमच्या विद्वत्संस्थेने पारितोषिक दिले, यावरून त्या काळचे वजन कोणत्या पारड्यात होते ते कळते. पुढे 1856 मध्ये राडल्कोफर यांच्या संशोधनानंतर खुद्द श्लायडेन यांनीच आपले मत सोडले. दरम्यान रोस्टॉक विद्यापीठाने 1851 साली हॉफमाइस्टर यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. तेव्हाही त्यांचा मुक्काम पेढीवरच होता.

त्याच वर्षी त्यांचा मुख्य ग्रंथ वडिलांच्याच प्रकाशनातर्फे निघाला. तो कळण्यासाठी श्रोत्यांनी क्षणभर सह्याद्रीतला आषाढ डोळ्यांपुढे आणावा. घाटातल्या दगडी कठड्यांवर नेचे उगवलेले असतात. त्यांचे पान उलटे केले की तपकिरी ठिपक्यांच्या रांगा दिसतात. त्या ठिपक्यांतून बीजुकांची, म्हणजे प्रजननाच्या सूक्ष्म कणांची, बारीक भुकटी गळते. ओल्या मातीवर पडलेल्या बीजुकातून मात्र थेट नेचा उगवत नाही. उगवते ती नखाएवढी, हृदयाच्या आकाराची, पातळ हिरवी चकती, जी सहज कोणाच्या नजरेतही भरत नाही. तिच्या खालच्या बाजूला नर व मादी इंद्रिये असतात, पावसाच्या पाण्याच्या पापुद्र्यातून नरपेशी पोहत अंड्यापर्यंत जाते आणि त्या संयोगातून नवा नेचा उभा राहतो. या चकतीवरच्या पोहणाऱ्या नरपेशी नेगेली यांनी 1844 मध्ये आणि मादी इंद्रिये लेश्चिट्स-सुमिन्स्की यांनी 1848 मध्ये दाखवली होती. तुकडे हाती होते, त्यांची जुळणी व्हायची होती.

हॉफमाइस्टर यांनी ती जुळणी केली. नेच्याची अंडे देणारी पिढी म्हणजे ती क्षुल्लक चकती, आणि बीजुके देणारी पिढी म्हणजे आपण ज्याला नेचा म्हणतो ते झाड. भिंतीवरच्या मखमली हिरव्या शेवाळीत हेच उलट्या प्रमाणात असते. तिथे हिरवी पालेदार रोपटी ही अंडे देणारी पिढी, आणि तिच्या डोक्यावर उभी राहणारी टोपी असलेली काडी ही बीजुके देणारी पिढी. म्हणजे शेवाळीची ती काडी आणि पुरुषभर उंचीचा वृक्षनेचा या दोन गोष्टी परस्परांशी समतुल्य आहेत! दिसण्यावरून कोणीही असे म्हणाले नसते. प्रत्येक जातीत पहिल्या पेशीपासून वाढ कशी होते, हे ओळीने पाहिल्यावरच ते म्हणता येते.

यापुढची झेप मला सर्वांत मोठी वाटते. सेलाजिनेला या नेच्यासारख्या बिनबियांच्या वनस्पतीत बीजुके दोन प्रकारची असतात, लहान आणि मोठी. मोठ्या बीजुकातली चकती बाहेर येऊन पसरत नाही, बहुतांशी आतल्या आतच वाढते. हॉफमाइस्टर यांनी हा धागा पाइनसारख्या शंकुधारी वृक्षांपर्यंत नेला. पाइनच्या बीजकातला गर्भकोश म्हणजे आईच्या झाडावरून कधी खाली न पडलेले मोठे बीजुक, आणि त्यात साठलेला पांढरा गर म्हणजे तीच नेच्याची चकती, असा त्यांनी अर्थ लावला. सुक्या मेव्याच्या दुकानात मिळणारा चिलगोजा हे एका पाइनचेच बी. तो सोलून उभा चिरला तर मधोमध बारीक दांडीसारखा गर्भ असतो आणि भोवतालचा खाण्याजोगा बहुतेक भाग ही ती अंडे देणारी पिढी असते. शेवाळीपासून सुरू झालेली साखळी अशा रीतीने बीजधारी वृक्षांपर्यंत अखंड पोहोचली. पिढ्यांच्या या आळीपाळीला आज मराठी पाठ्यपुस्तके ‘पिढ्यांचे एकांतरण’ म्हणतात.

हा ग्रंथ वाचायला सोपा नाही. पानामागून पान पेशींच्या वर्णनांचे आहे आणि एवढा मोठा निष्कर्ष अखेरच्या थोड्या पानांत, आवाज न चढवता सांगून टाकलेला आहे. तो आला तेव्हा डार्विन यांच्या उत्क्रांतिग्रंथाला आठ वर्षांचा अवकाश होता. हॉफमाइस्टर यांनी वंशावळीचा शब्द काढला नव्हता, पण त्यांच्या तुलनेने वंशावळीचा नकाशा जणू तयारच ठेवला होता. फ्रेडरिक करी यांनी केलेले विस्तारित इंग्रजी भाषांतर 1862 मध्ये लंडनच्या रे सोसायटीने काढले, आणि पुढच्याच वर्षी हायडेलबर्गचे बोलावणे आले.

प्राध्यापकपदावर असताना त्यांनी वनस्पतिपेशी आणि वनस्पतींची बाह्यरचना या विषयांवर 1867 आणि 1868 मध्ये ग्रंथ लिहिले. वाढत्या शेंड्यावर नवे पान जिथे आधीच्या पानांमध्ये सर्वाधिक मोकळी जागा असेल तिथे फुटते, हा नियम आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. सगळेच काही बरोबर ठरले नाही. मूळ जमिनीकडे वाकते ते आपल्या मऊपणामुळे स्वतःच्या वजनाने वाकते, हे त्यांचे मत फ्रांक यांनी 1868 साली खोडून काढले. त्यांच्या हाताखाली हायडेलबर्गमध्ये शिकलेल्यांत मिलार्दे नावाचा एक फ्रेंच तरुण होता. त्यानेच पुढे 1885 च्या सुमारास द्राक्षावरच्या केवडा या रोगावर मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण उपयोगात आणले. नाशिक-सांगलीचे द्राक्षबागाईतदार आणि कोकणातले सुपारीवाले ज्याला नुसते ‘बोर्डो’ म्हणतात, ते हेच.

1872 साली ह्यूगो फॉन मोल यांच्या जागी ते ट्युबिंगनला गेले. तिथे कार्ल गोबेल हे त्यांचे शिष्य झाले आणि पुढे गुरूचे चरित्रही त्यांनीच लिहिले. घरची बाजू मात्र ढासळत गेली होती. 1870 मध्ये पत्नी ॲग्नेस गेल्या, नऊ मुलांपैकी बरीचशी त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. पक्षाघाताच्या झटक्यांनी 1876 मध्ये त्यांना पद सोडावे लागले आणि 12 जानेवारी 1877 रोजी लाइपझिगजवळच्या लिंडेनाऊ येथे, वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

एक धागा मात्र त्यांच्यामागे उलगडायचा राहिला होता. बीजधारी वृक्ष नेच्यांच्या वंशाशी जोडलेले असतील, तर निदान काहींच्या परागनलिकेत पोहणाऱ्या नरपेशी सापडाव्यात, अशी शक्यता त्यांनी वर्तवली होती. त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ लोटल्यावर, 1896 मध्ये तोक्यो विद्यापीठाच्या उद्यानातल्या गिंको वृक्षाच्या बीजकात हिरासे साकुगोरो यांना अशा नरपेशी पोहताना दिसल्या, आणि त्याच वर्षी इकेनो सेइइचिरो यांनी त्या सायकस या दुसऱ्या बीजधारी झाडात दाखवल्या. हिरासे हेही वनस्पतिशास्त्राचे पदवीधर नव्हते. विभागात त्यांची नेमणूक झाली होती ती चित्रकार म्हणून.