नऊ पडायला हवेत

बुद्धिबळातला घोडा अडीच घरं चालतो म्हणजे चालतोच. तो चिखलात रुतत नाही, बिथरून मागे फिरत नाही. वॉरगेमिंगमध्ये, म्हणजे ठोकळे किंवा छोटे शिपाई मांडून लढाई खेळण्याच्या छंदात, मात्र ऐन वेळी काहीही होऊ शकतं.

या खेळाची आजची घडण मुख्यतः प्रशिया या जुन्या जर्मन राज्यातली. राइसविट्झ या बापलेकांची. वडिलांनी 1812 मध्ये राजाला एक भलंमोठं टेबल दिलं. वर डोंगर, नद्या, रस्ते असलेल्या फरशा, हव्या तशा जुळवायच्या. थाट मोठा, पण हे धूड छावणीत नेणार कोण? तोफखान्यात अधिकारी असलेल्या मुलाने 1824 मध्ये टेबलाऐवजी 1:8000 प्रमाणाचा नकाशा घेतला. त्यावर निळे आणि लाल ठोकळे. एक चाल म्हणजे दोन मिनिटांची लढाई. खरी गंमत पंचाची! दोन्ही सेनापती त्याच्याकडे हुकूम देणार, आणि शत्रू नजरेच्या टप्प्यात आला तरच पंच त्याचे ठोकळे नकाशावर मांडणार. तोवर अंधारात चाचपडा. पुढे प्रशियाच्या अधिकाऱ्यांचं प्रशिक्षणच यावर होऊ लागलं.

घरगुती छंदाला वळण दिलं इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी. 1913 च्या त्यांच्या नियमांत खेळण्यातली स्प्रिंगची तोफ खरोखर झाडायची. आडवा झाला तो शिपाई मेला.

आज सर्वांत गाजलेलं नाव वॉरहॅमर 40,000. 1987 साली इंग्लंडमध्ये आलेला, दूरच्या भविष्यातल्या युद्धाचा खेळ. पटावर घरं नाहीत, अंतर मोजायचं ते टेपने, इंचांत. ही तुकडी बघा. शत्रूवर धावून जायचंय, त्यासाठी नऊ इंच धावावं लागणार. दोन फासे टाकायचे. बेरीज नऊ किंवा जास्त आली तरच पोचणार. 36 पैकी 10 शक्यता. चांगला खेळाडू इथे नशिबाला दोष देत बसत नाही, आधीच्या चालीत दोन इंच पुढे सरकून ठेवतो.

आणि फौज? ती येते प्लास्टिकच्या सुट्या भागांत. कापा, चिकटवा, प्रायमर म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला हात मारा, रंगवा. मग वॉश, म्हणजे पातळ गडद रंग. तो खाचांत उतरला की चिलखताच्या घड्या उठून दिसतात. काहींना खेळापेक्षा हेच प्रिय. बहुतेकांच्या कपाटात न रंगवलेली खोकीही असतातच, त्याबद्दल घरच्यांसमोर विचारू नये.

छंद महागडा आहे, त्यामुळे सुरुवातीलाच अख्खी फौज विकत घेऊ नका. दोन्हीकडे पाच-सहा शिपाई पुरतील असेही नियम मिळतात. डोंगराच्या जागी पुस्तकांची चळत चालते.