वॉचमनची केबिन की पार्सलचं गोडाऊन?

(दृश्य: पुण्यात खराडीतली एक मोठी सोसायटी. गेटवर डिलिव्हरीच्या बाईक्स.)

ही वॉचमनची केबिन. आत एक खुर्ची, एक रजिस्टर, पाण्याची बाटली आणि बाकी जेवढी जागा उरलीये ती सगळी पार्सलांनी भरलेली. खाली मोठे बॉक्स, त्यावर कपड्यांची पाकिटं, त्यावर कुणाचातरी मिक्सर, आणि जे पाहिजे ते पार्सल नेमकं सगळ्यात खाली. संध्याकाळी ऑफिसवाले परतायला लागले की इथे लाईन लागते, काका एकेक पाकीट उलटंपालटं करून लेबलवरचा फ्लॅट नंबर शोधत बसतात आणि तिकडे गेटवर गाडीवाला हॉर्न मारतोय.

या कामाचा काकांना एक रुपया जास्त मिळत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा हिशोब इथूनच सुरू होतो.

(दृश्य: रायडरच्या मागून कॅमेरा, लिफ्टसमोर थांबलेला.)

आता रायडरचं बघा. बऱ्याच ठिकाणी त्याला पैसे पार्सलमागे मिळतात, पोचलं तर पैसे, नाही पोचलं तर पेट्रोल गेलं खिशातून. गेटवर एन्ट्री करा, अ‍ॅपवर अप्रूव्हल येईपर्यंत थांबा, काही सोसायट्यांत तर मेन लिफ्ट नाही, सर्व्हिस लिफ्टनेच जा (का, ते मला आजवर कळलेलं नाही), वर गेलं तर दाराला कुलूप, फोन लावला तर 'मीटिंगमध्ये आहे, खाली ठेवून जा'. खाली म्हणजे कुठे? काकांकडे. आणि काका नाही म्हणाले तर 'कस्टमर नॉट अव्हेलेबल' टाकायचं आणि पुढे निघायचं. उद्या परत तोच फेरा, परत कुलूप, शेवटी माल आरटीओ, म्हणजे रिटर्न टू ओरिजिन, जिथून निघाला तिथे परत. शहरातून शहरात जाणारा ट्रक पार्सलमागे स्वस्त पडतो कारण एका गाडीत ढीगभर माल जातो, खरा पैसा जातो तो हबपासून, म्हणजे शहरातल्या पार्सल वाटायच्या केंद्रापासून, तुमच्या दारापर्यंत, एकेक पाकीट एकेका जिन्यावर चढवताना.

(दृश्य: लॉकरचा क्लोजअप. दार फटकन उघडतं.)

यावर एक उपाय म्हणजे हे पार्सल लॉकर. दिसायला गोदरेजच्या कपाटांची रांग, फक्त चावी नाही. रायडर लेबल स्कॅन करतो, मशीन पार्सलच्या साईजप्रमाणे एक दार उघडतं, तो आत ठेवून दार लावतो आणि त्याच क्षणी तुमच्या मोबाईलवर कोड येतो. रात्री दहाला घरी आलात तरी कोड टाका, दार उघडा, पार्सल घ्या. एकाच जागी उभं राहून रायडरची बॅग अर्धी रिकामी होते, लिफ्ट नाही, फोन नाही, कुलूप नाही. आणि भांडणाच्या वेळी कामाला येणारी गोष्ट म्हणजे नोंद: कुठलं दार किती वाजता उघडलं, कुणाच्या कोडने उघडलं, हे सगळं मशीनकडे असतं, वर कॅमेरा. 'डिलिव्हर्ड दाखवतंय पण मला मिळालंच नाही' हा वाद केबिनमध्ये कधी मिटत नाही, इथे निदान बघायला काहीतरी असतं.

तरी कोड फोनवर कुणालाही सांगायचा नाही बरं का. पार्सल अडकलंय, पत्ता अपडेट करा म्हणून पोस्टाच्या नावाने खोटे मेसेज फिरतात, उद्या लॉकरच्या नावानेही फिरतील.

(दृश्य: युरोपचा नकाशा. जर्मनी, मग पोलंड.)

ही काही नवी आयडिया नाही. जर्मनीत डीएचएल या कुरिअर कंपनीने 2001 च्या सुमारास पाकस्टेशन नावाने असे लॉकर सुरू केले. पण सगळ्यात भारी गोष्ट पोलंडची. तिथे इनपोस्ट नावाची कंपनी आहे, राफाऊ ब्झोस्का नावाच्या माणसाने उभी केलेली. आधी ते पत्रं वाटायचे. तेव्हा पोलंडमध्ये 50 ग्रॅमच्या आतली पत्रं वाटायचा हक्क फक्त सरकारी पोस्टाला होता, तर यांनी काय केलं, पत्राला धातूची छोटी पट्टी जोडली. वजन 50 ग्रॅमच्या वर गेलं, कायदा मोडला नाही, पत्र पोचलं. जुगाड ही काय फक्त आपली मक्तेदारी नाही.

2009 मध्ये याच कंपनीने पहिले लॉकर लावले, नाव पाचकोमाट. आज एकट्या पोलंडमध्ये 20 हजारांहून जास्त मशीन आहेत, सुपरमार्केटच्या बाहेर, पेट्रोलपंपावर, बिल्डिंगांच्या मधल्या मोकळ्या जागेत. कप्प्यांच्या साईज तीन, सगळ्यांची रुंदी 38 सेंटीमीटर आणि खोली 64, फक्त उंची वेगळी: 8, 19 आणि 41. पार्सल जास्तीत जास्त 25 किलोचं. उचलायला साधारण 48 तास. नंतर तर स्क्रीन नसलेली मशीनही आली, मोबाईलच्या अ‍ॅपनेच दार उघडायचं, स्क्रीन नाही म्हणजे बिघडायला एक गोष्ट कमी.

लोक तिथे स्वतः चालत जाऊन पार्सल आणतात. का? एक तर मशीन जवळ आहे, दुसरं म्हणजे घरपोचपेक्षा लॉकरची डिलिव्हरी साधारण स्वस्त पडते, आणि तिसरं, तिथल्या बिल्डिंगखाली दिवसभर बसलेले काका नाहीत.

(दृश्य: परत खराडी. केबिनची खिडकी.)

इथेच आपली गाडी अडते. आपल्याकडे लॉकरची स्पर्धा दुसऱ्या कुठल्या कंपनीशी नाहीच, ती आहे काकांशी, आणि काका फुकट आहेत. कंपनी म्हणते गेटवर ठेवलं, काम झालं. मेंबर म्हणतात खाली आहे ना, घेऊ नंतर. मग लॉकरचे पैसे कोण देणार? माझं स्पष्ट मत, कंपन्यांनी द्यावेत, कारण वाचलेला फेरा त्यांचा आहे. सोसायटीने जागा आणि वीज द्यावी, भाडं मागत बसू नये. एजीएममध्ये, म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेत, हा विषय आला की 'मेंटेनन्स किती वाढणार' हा पहिला प्रश्न येतो, तो रास्त आहे, पण त्याच मीटिंगमध्ये हरवलेल्या पार्सलचे पैसे काकांच्या पगारातून कापा म्हणणारेही असतात, त्यांचं काय करायचं?

दुसरी अडचण कॅश ऑन डिलिव्हरीची. लॉकर नोटा मोजत नाही. आधी यूपीआयने पैसे भरा, मग कोड, असं करता येतं, पण आपल्या लोकांना पाकीट हातात आल्याशिवाय पैसे द्यायला आवडत नाही, आणि फोनच्या जागी साबणाची वडी निघाल्याच्या बातम्या वाचल्यावर त्यांना नावं तरी कशी ठेवणार. महागडा फोन असेल तर बऱ्याचदा बॉक्स समोर उघडून दाखवावा लागतो. फ्रिज, भाजी, दूध हे लॉकरचं कामच नाही. आणि ज्या आजींना खाली येणं जमत नाही त्यांच्या दारात रायडरने गेलंच पाहिजे.

(दृश्य: सकाळची लोकल, दादर.)

आपल्याकडेही प्रयत्न झालेत. कोलकात्यात सॉल्ट लेकच्या सेक्टर 5 मध्ये भारतीय डाक विभागाने 2021 मध्ये डिजिटल पार्सल लॉकर लावला, आयटीवाल्यांच्या ऑफिसांजवळ. त्याआधी 2019 मध्ये अ‍ॅमेझॉनने मुंबईत सीएसएमटी, दादर, ठाणे, कल्याण या स्टेशनांवर पिकअप किऑस्क उघडले, ते माणसं बसवून चालवायचे. जागा मात्र एकदम बरोबर निवडली होती, कारण लोकलवाला रोज त्याच ब्रिजवरून उतरतो, वाकडी वाट करावी लागत नाही. पुण्यात मेट्रो स्टेशनखाली लॉकर लावला तर चालेल असं मला वाटतं, सोसायटीच्या राजकारणातूनही सुटका.

फक्त दोन गोष्टी बघा. वर पत्रा हवा, आपला पाऊस आडवा येतो. आणि आत बॅटरी हवी, कारण गुरुवारी लाईट जाते.